टेंभेकर सरांची भीती

डॉक्टर टेंभेकरांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि नगरमध्ये सावेडीला पहिल्या मजल्यावर त्यांचं केस लावायचं क्लिनिक होतं. जिना चढून आलेला पेशंट आधी त्यांच्या डोक्याकडं बघायचा, मग भिंतीवरच्या पदव्यांकडं आणि मग पुन्हा डोक्याकडं. एखादा धीट असला तर विचारायचाही, की डॉक्टर, तुम्ही स्वतः का नाही करून घेतलं? सर चष्मा काढून पुसत म्हणायचे, "मला भीती वाटते."

पेशंट हसायचा. सर हसायचे नाहीत. कितीतरी पेशंट पहिल्या भेटीनंतर परत यायचे नाहीत, त्याचं हे एक कारण असावं.

मी त्यांच्याकडं नऊ वर्षं नोकरी केली. त्याआधी सहा वर्षं कोपरगावला एका प्रसूतिगृहात नर्स होते. नवऱ्याला नगरच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून आम्ही इकडं आलो आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मी या क्लिनिकमध्ये मुलाखतीला गेले. सरांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: कामावर असताना शेवटचं कधी घाबरलात?

मला वाटलं, ही धीटपणाची परीक्षा आहे. मी ताठ बसून सांगितलं की मी घाबरत नाही. सरांनी माझे कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मग नको."

खाली येऊन स्कूटीला किल्ली लावेपर्यंत माझा राग मावेना. नोकरी गेली याचं दुःख नव्हतं. मी खोटं बोलले आणि त्या माणसानं ते ओळखलं, हे झोंबत होतं. मी परत वर गेले आणि दारात उभी राहूनच त्यांना सांगितलं. प्रसूतिगृहात एकदा एक बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. निळं पडलेलं ते बाळ माझ्या हातात होतं आणि खोलीतले सगळे गप्प झाले होते. नंतर ते रडलं, वाचलं, आता शाळेत जात असेल. पण अजूनही घरात एकदम शांतता झाली की माझे गुडघे कापतात. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्यापासून या.

काम मला नवीन होतं. केस लावायच्या दोन पद्धती. एकीत डोक्याच्या मागच्या भागातून कातडीची एक अरुंद पट्टी कापून काढायची, तिथं टाके घालायचे आणि त्या पट्टीतून केसांची मुळं भिंगाखाली एकेक करून सोडवायची. दुसरीत पट्टी नाही, टाके नाहीत. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या गोल पात्यानं एकेक मूळ मागून उचलायचं, गार सलाईनमध्ये ठेवायचं आणि पुढच्या टकलावर बारीक छेद घेऊन त्यात चिमट्यानं बसवायचं. एका डोक्याला दोन-दोन हजार मुळं लागतात. सकाळी आठला सुरू झालेलं काम संध्याकाळी संपतं. मुळं निवडणं आणि बसवणं हे माझं काम. मान मोडून यायची, डोळे चुरचुरायचे, पण त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

सरांना दिसायचं. ऑपरेशनच्या दिवशी ते गाडी खाली लावून दहा मिनिटं तशीच काच वर करून आत बसून राहायचे. वर आले की त्यांचे हात बर्फासारखे गार असायचे. मी गरम पाण्याचं घमेलं तयार ठेवायचे. त्यात मनगटापर्यंत हात बुडवून ते डोळे मिटून पुटपुटायचे. मला आधी वाटलं, काही स्तोत्र असेल. जवळून ऐकलं तेव्हा कळलं, ते हिशेब म्हणत होते: पेशंटचं वजन इतकं, म्हणजे बधिर करायचं औषध जास्तीत जास्त इतकं, त्याच्या पुढं एक थेंब नाही. तो आकडा ते आत येऊन खडूनं फळ्यावर लिहायचे. प्रत्येक सिरिंज संपली की मी मोठ्यानं सांगायचं, किती गेलं, किती उरलं. पेशंट पालथा झोपलेला, त्याचा चेहरा टेबलाच्या भोकात. सर त्याच्याशी अखंड बोलत राहायचे. गाव कुठलं, पाऊस कसा आहे, मुलं काय करतात. मधेच, अगदी सहज विचारल्यासारखं, कानात काही वाजतंय का, जिभेला मुंग्या येतायत का. औषध रक्तात जास्त झालं की आधी तेच होतं. पेशंट गप्प झाला की सरांचा हात थांबायचा. "गप्प पेशंटची मला भीती वाटते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, जेवणाचा डबा खाताना, माझ्याकडं न बघता. ते शिकत असताना एक विशीतला तरुण पाठीवरची साधी गाठ काढायला आला होता. गप्पिष्ट पोरगा. इंजेक्शनं चालू असताना तो म्हणाला, डॉक्टर, तोंडात लोखंडासारखी चव का येतेय? सरांच्या वरचे डॉक्टर म्हणाले, काही होत नाही, आणि पुढची सिरिंज मागितली. ती भरून देणारे टेंभेकर सर होते. तो मुलगा टेबलावरून उठला नाही. "एवढीशी गाठ होती," सर म्हणाले आणि बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं. मग त्यांनी डबा बंद केला. त्या दिवशी ते पुढं जेवले नाहीत.

भीती हा सांसर्गिक प्रकार आहे. वर्षभरात ती मला लागली. घरी मी गॅस दोनदा तपासू लागले. नवरा म्हणायचा, त्या टकल्या डॉक्टरनं तुला बिघडवलं. पण त्याच सुमाराला एक प्रसंग घडला आणि मी तक्रार करायचं सोडून दिलं.

सरांचा नियम होता की पेशंटला आजारपण आणि गोळ्या तीन तोंडांनी विचारायच्या. आधी फॉर्म भरताना, मग मी, मग ते स्वतः. पण त्यांचा खरा भरवसा होता तो चौथ्या तोंडावर, म्हणजे आमच्या रखमाबाईवर. रखमाबाई झाडलोट करायच्या, चहा द्यायच्या. हिवरे बाजारकडच्या, साठीच्या, नऊवारीतल्या. सर म्हणायचे, माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, चहा देणाऱ्या बाईशी बोलत नाही.

एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते. पंचावन्न वर्षांचे, रुबाबदार. कुठलाही आजार नाही, कुठलीही गोळी नाही, असं तीनदा सांगून त्यांनी सही केली होती. औषध सिरिंजमध्ये भरलेलं होतं. तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. रखमाबाई आत यायच्या नाहीत, दार फटीएवढं उघडून त्या म्हणाल्या, "सायेब, गुरुजी रगत पातळ करायची गोळी खात्यात. आज सकाळी बी खाल्लीय. छातीत स्प्रिंग बसिवलीय म्हनं."

गुरुजी टेबलावरून उठून बसले आणि भडकले. गावात प्रशिक्षणाला जातो म्हणून सांगून आले होते, रजा टाकली होती, आता कुठल्या तोंडानं परत जाऊ, असं बरंच काही बोलले. खेड्यातल्या अडाणी बाईचं ऐकून तुम्ही मला उठवता, असंही म्हणाले. सर हात जोडून उभे होते. गुरुजी गेल्यावर ते भिंतीला टेकले. ओठ पांढरे पडले होते. "सिस्टर, अजून पाच मिनिटांनी मी सुई टोचणार होतो," एवढंच म्हणाले. रखमाबाईंना त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः चहा करून आणला. त्यांना चहा करता येत नसे. रखमाबाईंनी तो सगळा प्यायला.

आता नितीनबद्दल सांगते. 

नितीन कोपरगावकडचा, घरचा ऊस, पण स्वतः नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता. वय चोवीस. कपाळावरचे केस जवळजवळ गेलेले, माथा विरळ झालेला. मुली बघायचं चाललं होतं आणि प्रत्येक ठिकाणाहून नकार येत होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला उद्याच ऑपरेशन हवं होतं. सरांनी दोन आरसे धरून त्याला त्याच्या डोक्याची मागची बाजू दाखवली. समजावलं, की तुमची गळती अजून थांबलेली नाही. आत्ता पुढं लावले तर ते टिकतील, पण त्यांच्या मागचे तुमचे स्वतःचे केस जात राहतील, आणि काही वर्षांनी कपाळावर केसांचं एक बेट उरेल, भोवती सगळं मोकळं. मागचा साठाही तुमच्याकडं कमी आहे आणि तो एकदाच मिळतो, विहिरीसारखा पुन्हा भरत नाही. औषधं लिहून देतो, दोन वर्षं थांबा.

दुसऱ्यांदा तो मित्राला घेऊन आला. तिसऱ्यांदा मित्र आणि आई दोघांनाही. आई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "डॉक्टर, पाव्हनं घरात येत्यात, पोराच्या डोस्क्याकडं बगत्यात आन् चहा न पिता उठत्यात. तुमी म्हनाल ती सही देतो. पन न्हाई म्हनू नका." सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, नाही. नितीन खुर्ची ढकलून उठला. जाताना आईनं मागं वळून बघितलं, ते सरांकडं नव्हे, माझ्याकडं. मी एक बाई आहे, मला तरी कळायला हवं होतं, असं ते बघणं होतं.

त्यानंतर महिनाभरानं दुपारी क्लिनिकचा फोन वाजला. नितीनचा मित्र होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सलूनच्या वरच्या मजल्यावर केस लावून देतात, तिथून तो बोलत होता. आवाज इतका कापत होता की मला दोनदा विचारावं लागलं. नितीन टेबलावर आहे, त्याचे डोळे वर गेलेत, हातपाय झटकतायत. इथले लोक म्हणतायत घाबरल्यामुळं होतं. तुम्ही येता का?

सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, अँब्युलन्स बोलवा, आम्ही निघालो. फोन ठेवून ते कपाटाकडं गेले आणि लाल डबा काढला. त्या डब्यात श्वास द्यायचा रबरी फुगा, झटके थांबवायची इंजेक्शनं आणि दुधासारख्या पांढऱ्या सलाईनची एक बाटली असायची. बधिर करायचं औषध रक्तात जास्त झालं तर ते ओढून घेणारं सलाईन. सर मुदत संपली की न वापरलेली बाटली टाकून नवी आणायचे. इतर डॉक्टर त्यांची यावरून चेष्टा करायचे.

सरांच्या गाडीपुढं एक टेम्पो माल उतरवत उभा होता. मी स्कूटी काढली. ते मागं बसले, डबा मांडीवर धरून. पूर्ण रस्ताभर त्यांच्या अंगाची थरथर मला माझ्या पाठीला जाणवत होती. एका सिग्नलला मी थांबले तेव्हा ते कानाशी म्हणाले, थांबू नका. पुढं मी कुठं थांबले नाही.

सलूनच्या आत गिऱ्हाइकं खुर्च्यांवर बसलेली होती, कात्र्या चालू होत्या. वर काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं. अरुंद लोखंडी जिना. वरच्या खोलीत ट्यूबलाइट, एक टेबल आणि भिंतीला चिकटून उभा असलेला हातमोजे घातलेला एक माणूस. तो डॉक्टर नव्हता. कुठल्यातरी क्लिनिकमध्ये माझ्यासारखंच काम करून शिकलेला असावा. नितीनला दुखत होतं म्हणून त्यानं आणखी इंजेक्शनं दिली होती. किती, ते त्याला सांगता येईना. त्यानं मोजलीच नव्हती.

नितीनच्या डोक्याचा मागचा भाग रक्तानं माखलेला, ओठ निळे. हे निळं मी आधी एकदा बघितलं होतं. त्याला झटका येऊन गेला होता आणि दुसरा सुरू होत होता. सरांनी त्याच्या नाकातोंडावर मास्क दाबून फुगा धरला आणि मला शीर शोधायला सांगितलं. मी हात धरला. शीर सापडेना. मी वर बघितलं तर सरांच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत घाम निथळत होता आणि त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

"सिस्टर, मी फार घाबरलोय," ते म्हणाले. "माझ्याकडं बघू नका. शिरेकडं बघा."

मी शिरेकडं बघितलं. दुसऱ्या प्रयत्नात सुई लागली. झटक्यांचं इंजेक्शन दिलं. मग ती पांढरी बाटली. सरांनी वजन अंदाजानं धरलं, आकडा मोठ्यानं म्हटला, मलाही म्हणायला लावला, आणि मग मी ते सोडलं. त्यांचा एक हात फुग्यावर आणि दुसऱ्याची बोटं नितीनच्या गळ्यावर होती. नाडी चुकत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. चुकली की त्यांचे डोळे मिटत. तो हातमोजेवाला माणूस कोपऱ्यात खाली बसून रडत होता. खालून कात्र्यांचा आवाज येत होता. किती मिनिटं गेली सांगता येत नाही. मग झटके थांबले. ओठांचा निळेपणा आधी कडेनं गेला. नितीननं स्वतः एक श्वास घेतला, मोठा, घोरल्यासारखा. सरांनी फुगा काढला नाही. अँब्युलन्समध्येही तेच दाबत बसले.

तीन दिवसांनी नितीन शुद्धीवर नीट बोलायला लागला. वाचला. डोक्याच्या मागच्या बाजूला जागोजागी पांढरे ठिपके कायमचे राहिले. पोलिसात तक्रार झाली, ती खोली बंद झाली, पुढचं मला माहीत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नितीनची आई बसली होती. सर तिच्यासमोर उभे राहिले. तिनं हात जोडले आणि ते तसेच ठेवून म्हणाली, "तुमी वाचिवलं, ह्ये खरं. पन डॉक्टर, तुमी न्हाई म्हनला नसता तर त्यो तितं गेलाच नसता."

मला तिचा राग आला. मी काहीतरी बोलणार होते. सरांनी हातानं मला थांबवलं. ते तिच्या शेजारी बाकावर बसले आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले.

त्या दिवसापासून सरांच्या भीतीला आणखी एक फाटा फुटला. तोवर ते ऑपरेशन करायला घाबरायचे, आता नाही म्हणायलाही घाबरू लागले. म्हणून काही ते सगळ्यांना हो म्हणू लागले नाहीत. त्यांनी एक वही केली. ज्यांना नकार दिला त्यांची नावं आणि फोन नंबर. दर शनिवारी दुपारी ते एकेकाला फोन लावायचे. कसे आहात, औषध चालू आहे का, कुठं करून घ्यायचा विचार नाही ना? काही जण वैतागायचे. एकानं स्पष्ट विचारलं, की तुम्ही माझं काम करत नाही, मग माझ्या डोक्याची काळजी कशाला करता? सर म्हणाले, काळजी नाही, भीती वाटते. फोन ठेवल्यावर वहीत नावापुढं एक बारीक खूण करायचे. कुणी फोन उचलला नाही तर सोमवारपर्यंत त्यांना चैन नसे.

नितीनचंही नाव त्या वहीत होतं. त्यानं पुढं डोकं पूर्ण भादरून टाकलं. पहिल्यांदा तसा आला तेव्हा सर आणि तो समोरासमोर बसले होते, दोघांचीही डोकी सारखीच चकचकीत, आणि रखमाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. सर गेले होते. आईनं त्यांना पहिल्या पंक्तीला बसवलं, असं कळलं. मला जाता आलं नाही.

नवव्या वर्षीची ती सकाळ. पेशंट पन्नाशीचे, वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे मालक, शांत गृहस्थ. गाडी खाली लागलेली मी खिडकीतून बघितली आणि घमेल्यात पाणी ओतायला वळले, तोच सर दारात उभे. गाडीत बसलेच नव्हते. कुठलीतरी चाल गुणगुणत होते. मी घमेलं पुढं केलं, तर ते म्हणाले, कशाला? मला वाटलं, चला, आज बरा मूड आहे. रखमाबाईंनाही बरं वाटलं.

आत गेल्यावर त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला नाही. मी आठवण केली तर म्हणाले, लक्षात आहे हो. त्यांनी सुरुवात केली. मी नेहमीसारखी सिरिंजा मोजत होते. किती गेलं, किती उरलं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, आणि पेशंटशी एक शब्दही बोलत नव्हते. खोलीत शांतता होती. माझे गुडघे कापायला लागले तेव्हा मला कळलं, की काहीतरी वेगळं होतंय.

मी म्हणाले, "सर, झालं. मर्यादा झाली."

त्यांनी हात पुढं केला, पुढच्या सिरिंजसाठी. मी दिली नाही. मग त्यांनी स्वतःच ट्रेमधली उचलली.

"सर, झालं."

"अहो, काही होत नाही," सर म्हणाले.

नऊ वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नर्सनं सर्जनचा हात धरायचा नसतो, आणि तेही सुई कातडीला लागलेली असताना. माझा हात इतका थरथरत होता की सुईही थरथरायला लागली. "मला भीती वाटतेय, सर," मी म्हणाले.

ते थांबले. सिरिंजकडं बघत राहिले, जणू ती त्यांच्या हातात कुणी दिली हे आठवत होते. मग ती ट्रेमध्ये ठेवली. पेशंटला मी सांगितलं की आज तब्येतीच्या कारणानं थांबतोय. पुढचे दोन तास मी त्यांच्याजवळून हलले नाही, दर पाच मिनिटांनी त्यांना कानाबद्दल, जिभेबद्दल विचारत होते. त्यांना काही झालं नाही. ते घरी गेले.

सर कपडे बदलायच्या खोलीत बसले होते. "मी किती दिलं?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, मी किती दिलं? मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही त्यांनी तेच विचारलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्यांना समजलं. ते डॉक्टर होते. त्यांनी लगेच कागद ओढला आणि पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांना स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली, पेशंटच्या जागी स्वतःचं नाव घालून. लिहिताना त्यांचे हात कापत होते. त्या क्षणी तरी ते घाबरलेले होते, आणि त्यांना घाबरलेलं मी त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही.

विसरायचा आजार निघाला, पण त्यातला वेगळा प्रकार. वहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, मला सांगितलं, की यात आधी माणसाची काळजी जाते, मग आठवण. क्लिनिक दुसऱ्या एका डॉक्टरनं घेतलं. मी तिथंच आहे. फळ्यावर आकडा आता मी लिहिते. नव्या डॉक्टरांना सुरुवातीला ते आवडलं नव्हतं. ती वही वहिनींनी माझ्याकडं दिली. शनिवारी जमेल तसे फोन करते.

मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. सर गॅलरीत बसून शेंगा खात होते. वहिनी म्हणाल्या, आता शांत झोपतात. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे कधी शांत झोपले नव्हते. हे सांगताना त्या रडल्या. सरांनी त्यांच्यापुढं शेंगांची ताटली सरकवली.

शेवटचं बघितलं ते गेल्या हिवाळ्यात, मनमाड रोडवर. कारखान्यांचे दिवस, त्यामुळं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते. मी या बाजूला भाजी घेत होते. पलीकडं औषधाच्या दुकानासमोर सर आणि वहिनी उभे दिसले. वहिनींनी पिशवीत हात घालण्यासाठी एक क्षण त्यांचा हात सोडला असावा. सर फूटपाथवरून खाली उतरले आणि चालायला लागले.

मी भाजीची पिशवी तिथंच टाकून रस्त्याच्या कडेला आले. ते हात मागं बांधून, बागेत फिरावं तसे, सरळ येत होते. एक मोटारसायकल त्यांच्या पुढ्यात घसरत थांबली. ट्रॅक्टरवाला ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला, मागची ट्रॉली हिसका बसून वाकडी झाली, चार-दोन ऊस रस्त्यावर पडले. मागून ट्रकचा हॉर्न थांबत नव्हता. सरांनी त्या आवाजाकडं मान वळवूनही बघितलं नाही. त्यांचा चेहरा लहान बाळासारखा मोकळा होता.

ते माझ्यापाशी पोचले तेव्हा मी त्यांची बाही दोन्ही हातांनी पकडली. त्यांनी माझ्या मुठींकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओळख नव्हती. "काय झालं हो?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

 तोवर वहिनी धावत रस्ता ओलांडून आल्या, धापा टाकत. त्यांनी सरांचा हात माझ्याकडून घेतला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि दोघं कडेकडेनं परत निघाले. वाहनं अजून थांबलेलीच होती, लोक ओरडत होते. थोडं पुढं गेल्यावर वहिनींना अडखळून थांबावं लागलं. सर हात न सोडवता, रस्त्यावर पडलेला उसाचा एक तुकडा उचलायला वाकले होते.